मळखाऊ

'मळखाऊ' हा आपल्या भाषेतील एक अत्यंत व्यवहारी शब्द आहे. मुलाच्या शाळेची विजार किंवा कामावर नेसावयाची साडी निवडताना घरातील जाणती व्यक्ती दुकानदाराला हमखास सांगते, "जरा मळखाऊ रंग दाखवा." राखाडी, मातकट, तपकिरी, गर्द निळा असे हे रंग. त्यांच्यावर मळ बसत नाही असे नव्हे. बसलेला मळ दिसत नाही, एवढाच त्यांचा गुण. संसाराच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाची असते. वैद्यकीय दृष्टीने मात्र तिच्यासोबत एक समजूत घरात शिरते. मळका दिसला तर कपडा धुवावयाचा, स्वच्छ दिसला तर पुन्हा अंगावर चढवावयाचा, असा नियम होऊन बसतो. आपल्या त्वचेला डोळे नाहीत. तिला रंग कळत नाही. ओल, उष्णता आणि घर्षण या गोष्टी तेवढ्या कळतात.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्याकडे त्वचेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. काखेत खाज, जांघेत चट्टे, परकराच्या नाडीखाली लालसर गोल कडी, पायाच्या बोटांत चिखल्या. रुग्णाला जेवणखाण, झोप, व्यसन, शौचाची सवय यांविषयी विचारण्यास डॉक्टर कचरत नाहीत. "कपडे किती दिवसांनी धुता?" हा प्रश्न मात्र अनेकदा विचारलाच जात नाही, कारण तो ऐकताच माणसे दुखावतात. "डॉक्टर, आमच्याकडे रोजच्या रोज धुणं असतं," असे उत्तर किंचित चढ्या आवाजात येते आणि ते खरेही असते. शर्ट रोज धुतला जातो, साडी रोज बदलली जाते. मग मी एकेक कपड्याचे नाव घेऊ लागतो. अंग पुसायचा टॉवेल? "रविवारी." जीन्स? "मळली की." रात्रीचा गाऊन? उशीचा अभ्रा? कमरेचा पट्टा? एव्हाना आवाज खाली आलेला असतो.

यात गंमत अशी की, जो शर्ट आत बनियन असल्यामुळे त्वचेला जेमतेम लागतो, तो रोज धुवून परीटघडी करून घातला जातो. आणि जो टॉवेल रोज काखा, जांघा, पाय पुसतो, तो न्हाणीघराच्या दारामागे आठवडाभर ओला लटकत राहतो. शर्ट चारचौघांना दिसतो, टॉवेल दिसत नाही. आपल्या धुण्याचे वेळापत्रक पुष्कळ अंशी लोकांच्या नजरेने ठरविलेले आहे.

ते शरीराच्या हिशेबाने ठरवावयाचे तर आधी कपड्यात काय जमते हे पाहावे लागेल. मनुष्याच्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतून येणारा ताजा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. त्याला वास नसतो. काख व जांघ या ठिकाणी आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतात. त्वचेवर नित्य वास्तव्य करणारे जिवाणू हे पदार्थ फोडतात आणि मग ज्याला आपण घामाचा वास म्हणतो तो निर्माण होतो. याखेरीज त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशी अखंड गळत असतात आणि तेलग्रंथींतून तेल पाझरत असते. हे सर्व ज्या कपड्यात प्रथम उतरते तो म्हणजे अंगाला चिकटलेला, सर्वांत आतला कपडा. म्हणून प्रत्येक कपड्याबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: तो थेट त्वचेला लागतो का, जिथे लागतो तिथे घाम येतो का, आणि तो किती वेळ ओलसर राहतो? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले की तो कपडा एकदा वापरून धुण्यातच गेला पाहिजे, मग त्यावर डाग असो वा नसो.

कापडाची जातही येथे महत्त्वाची ठरते. बेल्जियममधील घेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २६ निरोगी व्यक्तींना सुती व पॉलिस्टरचे टी-शर्ट घालून तासभर सायकलचा जोरदार व्यायाम करावयास लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या कपड्यांचा वास व त्यांवरील जिवाणू तपासले. पॉलिस्टरचे कपडे सुती कपड्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक दुर्गंधीयुक्त ठरले आणि वास निर्माण करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू त्यांवर अधिक वाढलेले आढळले. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुण मंडळींचे झुळझुळीत, घट्ट कपडे पाहून मला या प्रयोगाची आठवण होते. ते कपडे लवकर वाळतात हे खरे. परंतु घाम वाळला म्हणजे कपडा स्वच्छ झाला असे होत नाही. पिशवीत कोंबून ठेवलेला टी-शर्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा घालणे हा प्रकार तर सर्वथैव टाळावा.

आता या लेखाच्या मुख्य कारणाकडे येतो. गजकर्ण, नायटा, दाद ही एकाच बुरशीजन्य आजाराची नावे. वैद्यकीच्या व्यवसायात मी उमेदवारी करीत होतो त्या काळी हा अगदी किरकोळ आजार समजला जाई. दोन-चार आठवडे मलम लावले की चट्टा जात असे. गेल्या दशकभरात हे चित्र पार पालटले आहे. आता महिनोन्महिने औषध घेणारे, कमरेपासून मांड्यांपर्यंत चट्ट्यांनी व्यापलेले आणि एकामागून एक सबंध कुटुंबच घेऊन येणारे रुग्ण आम्हा सामान्य डॉक्टरांना नवे राहिलेले नाहीत. भारतात व नेपाळमध्ये फैलावलेल्या बुरशीच्या अशा एका प्रकाराला २०२० साली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे स्वतंत्र नाव देण्यात आले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिच्यातील पुष्कळ वाण दाद देत नाहीत. आपल्या देशावरून नाव मिळालेली ही बुरशी आता इतर अनेक देशांतही पोहोचली आहे.

या फैलावाला औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या मलमांनी मोठा हातभार लावला. स्टिरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांची खिचडी असलेले मलम लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते. रुग्ण खूष होतो. प्रत्यक्षात स्टिरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावते, लाली व खाज दडपली जाते आणि बुरशी निवांतपणे पसरते. हे मलमही एका अर्थी मळखाऊच म्हणावयाचे. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. तरीही शेजाऱ्याची अर्धी वापरलेली नळी घराघरांतून फिरतेच आहे.

औषध योग्य असूनही आजार पुन्हा का उलटतो, याचे एक मोठे उत्तर धुण्याच्या बादलीत सापडते. बुरशी त्वचेच्या कोंड्याबरोबर कपड्यांत उतरते. त्या कोंड्यातील तिचे बीजाणू कोरड्या अवस्थेत महिनोन्महिने तग धरू शकतात. आमच्याकडे नेहमी दिसणारा क्रम असा: घरातील तरुण मुलगा दिवसभर दुचाकीवर हिंडून काम करतो. घट्ट जीन्स, तिच्याखाली नायलॉनची अंतर्वस्त्रे, वरून रेनकोट. जांघेत चट्टा उठतो. तो संकोचाने महिनाभर कोणाला सांगत नाही. त्याचे कपडे इतर सर्वांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत, थंड पाण्यात भिजतात. टॉवेल दोघा भावांत एक. मग धाकट्याला, त्यानंतर आईच्या कमरेवर, शेवटी मांडीवर खेळणाऱ्या पुतणीच्या गालावर तोच गोल चट्टा दिसतो. गालावर दिसला की मात्र सारे घर धावत दवाखान्यात येते.

अशा घरात गोळ्या-मलमांइतकीच धुण्याची शिस्तही सांगावी लागते. बाधित व्यक्तीचे अंतर्वस्त्र, बनियन, मोजे, टॉवेल व अंगावरचा कपडा रोज, वेगळा धुवावा. साधारण ६० अंश तापमानाच्या पाण्यात ही बुरशी मरते. ३० अंशांच्या कोमट पाण्यावर विसंबता येत नाही. ६० अंशांचे पाणी म्हणजे ज्यात हात बुडवून ठेवणे अशक्य इतके कढत. तेव्हा कपडे बादलीत टाकून वरून ते ओतावे, अर्धा तास झाकून ठेवावे, निवल्यावर नेहमीप्रमाणे धुवावे; आणि लहान मुलांना त्या बादलीपासून दूर ठेवावे. कपडे उलटे करून उन्हात वाळवावेत. जिथे रंग जाण्याची भीती असेल तिथे वाळल्यानंतर आतल्या बाजूने, विशेषतः शिवणींवरून, गरम इस्त्री फिरवावी. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषधाबरोबर ही शिस्त चालू ठेवावी. जीन्सला काही काळ निरोप द्यावा हे ओघाने आलेच.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजी वैद्यक-ग्रंथांत जांघेतील या गजकर्णाला 'धोबीज इच', म्हणजे धोब्याची खाज, असे नाव आढळते. इंग्रज साहेबाला आपल्या उष्ण देशात जाड कपड्यांखाली जांघेत खाज सुटे. दोष परिटाच्या माथी मारला जाई. परिटाच्या हातून एक निराळाच त्रास मात्र खरोखर होत असे. कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी तो बिब्ब्याच्या रसाने खूण करी. बिब्ब्याचे तेल अंगावर उततें हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व पाठीवर कपड्यांतील या खुणांच्या जागी नेमके फोड उठत. त्यांची वैद्यकीय नियतकालिकांत नोंद आहे. बिब्ब्याचा दोष परिटाचा मानता येईल. गजकर्णाचा दोष साहेबाच्या घामाचा होता.

धुण्याविषयी बोलताना वाळविण्याकडे आपले दुर्लक्ष होते. वास्तविक आपल्या हवेत, निदान वर्षातील चार महिने, हाच खरा प्रश्न असतो. कोकणात व मुंबईत जुलैमध्ये कपडे दोन-दोन दिवस दांडीवर लोंबतात आणि त्यांना तो परिचित कुबट वास येतो. जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की, या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. कोरडेपणा तो सोसतो, धुतल्यावरही धाग्यांत शिल्लक राहतो आणि ओल मिळताच पुन्हा वास निर्माण करू लागतो. म्हणूनच सकाळी बरा वाटलेला शर्ट दुपारी घाम येताच वास मारू लागतो. निरोगी माणसाला या वासापासून धोका फारसा नाही. परंतु कपडा नीट वाळलेला नाही याची ती पक्की खूण समजावी. दमट कपडा अंगावर घालून तो 'अंगावरच वाळेल' म्हणणे म्हणजे जांघेत बुरशीसाठी वाफा तयार करणे होय. पूर्वी ओलेत्याने पूजा करण्याची चाल होती. थोड्या वेळापुरती ती ठीक. ओल्या वस्त्राने दिवस काढणे ठीक नव्हे.

पावसाळ्यात म्हणून एकदम ढीगभर न धुता रोज थोडे थोडे धुवावे. दोन कपड्यांत वारा खेळेल इतके अंतर ठेवावे. अंतर्वस्त्रांना दांडीवरची सर्वांत चांगली जागा द्यावी, ज्या जागेवर सध्या चादरी विराजमान असतात. पंख्याखाली वाळवावयाचे असल्यास खिडकी उघडी ठेवावी. जाड टर्किश टॉवेलाऐवजी पातळ पंचा वापरावा. तो पाणी कमी टिपतो अशी तक्रार असते. पण तो तासाभरात वाळतो, आणि कोकणातल्या जुन्या माणसांनी तो उगीच पसंत केला नव्हता.

दांडीवरच्या या जागेचा प्रश्न साधा नाही. अनेक घरांत स्त्रियांची अंतर्वस्त्रे साडीखाली, टॉवेलाआड किंवा न्हाणीघरातील खुंटीवर वाळत घातली जातात. पाळीच्या काळातील कापडी घड्या तर अनेक मुली अंधाऱ्या कोपऱ्यात, कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीत अशा बेताने लपवितात. त्या पुरत्या वाळत नाहीत आणि पुढच्या महिन्यात तशाच दमट, कुबट अवस्थेत वापरल्या जातात. मग खाज, पुरळ, जांघेतील चट्टे घेऊन ती मुलगी आईबरोबर येते आणि प्रश्न विचारताच मान खाली घालते. पुरुषांचे बनियन व चड्ड्या त्याच घराच्या गॅलरीत भर उन्हात, रस्त्यावरून दिसतील अशा फडकत असतात. या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. ज्या कपड्याला उन्हाची सर्वाधिक गरज आहे त्याला लाजेपायी अंधारात ठेवणे हे अनारोग्यकारक आहे, आणि ते बदलण्याची जबाबदारी मुलींवर टाकून भागणार नाही. घरातील वडील माणसांनी, पुरुषांनीही, दोरीवरील या कपड्यांकडे सहजपणे पाहण्यास शिकले पाहिजे. चाळीतील सामाईक दोरीची अडचण मी जाणतो. तिथे निदान गच्चीतील एक उन्हाचा कोपरा ठरवून घेता येतो. वर पातळ सुती ओढणी टाकली तरी चालते, पण ऊन आणि वारा लागला पाहिजे.

खरजेबाबत निराळा उपाय आहे. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर सहसा दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाही. उपचाराच्या दिवशी घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे आणि आधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही, उदाहरणार्थ गोधडी, स्वेटर, मुलांची कापडी बाहुली, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. वसतिगृहातून सुटीत घरी आलेल्या मुलाची बॅग उघडताना हे ध्यानात असू द्यावे.

कपडा आणि रोग यांचे नाते किती जवळचे असू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण ट्युनिसचे आहे. १९०९ साली चार्ल्स निकोल या फ्रेंच डॉक्टरांनी टायफस ज्वर अंगावरील उवांमुळे पसरतो हे सिद्ध केले. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट अगदी साधी होती. रुग्णालयाच्या दारापर्यंत रुग्ण इतरांना, अगदी त्याचे कपडे हाताळणाऱ्यांनासुद्धा, आजार देत असे. एकदा त्याला आंघोळ घालून रुग्णालयाचे कपडे दिले की आत शेजारच्या खाटेवरील कोणालाही त्याच्यापासून बाधा होत नसे. या उवा डोक्यातील उवांहून वेगळ्या. त्या कपड्यांच्या शिवणींत राहतात व तिथेच अंडी घालतात. या शोधासाठी निकोल यांना १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता रोजच्या कपड्यांविषयी, वाचक ज्याची वाट पाहत असतील ते. अंतर्वस्त्रे, बनियन, मोजे, व्यायामाचे कपडे, लहान मुलांचे अंगाला लागणारे कपडे: रोज, आणि फार घाम येणाऱ्यांनी दिवसातून दोनदा बदलावेत. ब्रेसियर उन्हाळ्या-पावसाळ्यात रोज, थंडीत दोन दिवसांनी. परकर रोज. रात्रीचे कपडे आंघोळ करून झोपणाऱ्याचे दोन-तीन दिवसांनी, इतरांचे त्याआधी. टॉवेल माणशी एक, तीन दिवसांनी; पावसाळ्यात तो वाळत नसेल तर रोज. उशीचा अभ्रा व चादर आठवड्याने. दम्याच्या किंवा सर्दी-शिंकांच्या रुग्णाने ते गरम पाण्यातच धुवावे, कारण त्वचेच्या कोंड्यावर जगणारे धुळीतील किडे तिथेच नांदतात. बनियनवर घातलेला शर्ट घाम आला नसेल तर दोनदा वापरण्यास हरकत नाही. सैल विजार किंवा जीन्स तीन-चारदा. स्वेटर, शाल, कोट यांना वारंवार धुण्यापेक्षा ऊन दाखविणे पुरते. मुलांचे गणवेश दोन असतात आणि मोजे मात्र एकच जोडी, हे गणित पालकांनी उलटे केले तर पायांच्या कितीतरी तक्रारी कमी होतील.

वरील हिशेबात काही कपड्यांचे धुणे मी कमी केले आहे, ते हेतुपुरस्सर. पाणी सर्वत्र सारखे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. अशा दिवसांत कोणीही रोज सगळे धुऊ शकत नाही आणि तसे सांगणारा डॉक्टर आपला सल्लाच वाया घालवितो. पाणी एक बादली असेल तर त्यात आधी अंतर्वस्त्रे, बाळाचे कपडे व पंचा धुवावा. साडी आणि शर्ट उन्हात टाकून झटकून पुन्हा वापरता येतो. त्या शर्टाला इस्त्री नसली तरी प्रकृतीला काही होत नाही.

दुसरे कारण माणसाच्या हातांचे आहे. चार-पाच घरांची धुणी करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून फाटलेली असते, नखांच्या कडा सुजून त्यांतून पू येत असतो. पाणी, सोडा आणि पावडर यांत रोज तीन-चार तास हात. मी त्यांना "हात कोरडे ठेवा" असे सांगतो, आणि ते सांगताना ते अशक्य आहे हेही मला दिसत असते. एका घरात माणसे चार, आणि धुण्याच्या बादल्या तीन. त्यांतील निम्मे कपडे तासाभरासाठी बाहेर घालून गेलेले, घामाचा थेंबही न लागलेले. ज्यांच्या घरी बाई धुणे करते त्यांनी कपडे बादलीत टाकण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहावेत. रबरी हातमोजे आणि आतून घालावयास पातळ सुती मोजे तिला आणून द्यावेत. खर्च फार नाही.

अति धुण्याचे इतरही तोटे आहेत. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त या समजुतीने पावडर दुप्पट घातली जाते. ती पाण्याने पुरती निघत नाही आणि कोरड्या, नाजूक त्वचेच्या मुलांना तिचे कण टोचून पुरळ येते. पावडर निम्मी करून एकदा अधिक खळबळले तर हा त्रास पुष्कळदा औषधाविना थांबतो. एखादी व्यक्ती धुतलेले कपडे 'स्वच्छ झाले नाहीत' म्हणून पुन्हा पुन्हा धुते, त्यापायी जेवणखाण, झोप सुटते, घरच्यांनी अडवले तर कासावीस होते. अशा वेळी तिला टापटिपीची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तो मंत्रचळाचा आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

काही कपडे मात्र आजच्या आज धुतलेच पाहिजेत. शेतात फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे त्यांत पहिले. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशक श्वासाबरोबर जाते तसे ते त्वचेतूनही शरीरात शिरते. भिजलेला सदरा अंगात ठेवून भाकरी खाणारा माणूस ते विष दिवसभर अंगाला चोळत असतो. घरी येताच, मुलाला उचलण्यापूर्वी, कपडे बाहेरच उतरवावेत, साबणाने आंघोळ करावी. ते कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, दोनदा धुवावेत आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा हौदाजवळ ओतू नये. हे कपडे बहुधा घरातील स्त्री धुते आणि तिच्या डोकेदुखीचा, मळमळीचा संबंध कोणी या धुण्याशी जोडत नाही.

दुसरे, नवजात बाळाचे. थोरल्याची झबली, दुपटी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलेली असतात आणि धाकट्याच्या बारशाला कौतुकाने बाहेर निघतात. या गोळ्यांतील नॅफ्थलीन बाळाच्या त्वचेतून व श्वासातून आत जाते. 'जी-सिक्स-पीडी' या द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्या बाळांत त्यामुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही उणीव आधी कोणालाच ठाऊक नसते. गोळ्यांचा वास असलेले कपडे बाळाला थेट घालू नयेत. ते धुवून, उन्हावाऱ्यात चांगले टांगून वास पूर्ण गेल्यावरच घालावेत. उत्तम म्हणजे बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कपड्यांतही खळ आणि रसायने असतात. तेही एकदा धुतल्याखेरीज बाळाच्या अंगाला लावू नयेत.

राहता राहिले घरातील वृद्ध. वर्षानुवर्षे टापटिपीने राहणारे आजोबा हल्ली चार-चार दिवस तोच सदरा घालतात, बदला म्हटले की चिडतात, अशी तक्रार मुले-सुना करतात. तिला हट्ट म्हणून सोडून देऊ नये. खांद्याचा सांधा आखडल्यामुळे हात वर जात नसेल. लघवी थेंबथेंब गळत असेल आणि धुण्यातले ओले धोतर सुनेच्या हाती पडू नये म्हणून ते लपविले जात असेल. नैराश्य असेल, किंवा सदरा कालच बदलला अशी त्यांची प्रामाणिक समजूत असेल आणि ती विस्मृतीच्या आजाराची सुरुवात ठरेल. यांतील प्रत्येक गोष्ट तपासता येते आणि बहुतेकींवर काही ना काही करता येते. तोवर डोक्यावरून घालावयाचा सदरा बाजूला ठेवून पुढून पुरती बटणे असलेला सैल सुती सदरा आणावा, आणि सकाळी आंघोळीच्या पाण्याबरोबर तो काही न बोलता न्हाणीघरातील खुंटीवर अडकवून ठेवावा.